वाटेवरचा जीव : दया की मोह?

सज्जनहो, वारीच्या वाटेवर ज्या गोष्टी न मागता पदरी पडतात, त्यांत कधी कधी कुत्र्याचे पिल्लूही असते. दिंडी मुक्कामाला थांबते, राहुट्या पडतात, चुलीवर आमटीचे पातेले चढते, आणि त्या वासाने कुठून तरी एक अस्थिपंजर पिल्लू येऊन राहुटीच्या दोरीपाशी बसते. कोणी भाकरीचा तुकडा टाकतो. पहाटे दिंडी निघाली की ते मागून चालू लागते. ‘हाड’ म्हटल्याने जात नाही, आणि गळ्यात तुळशीमाळ असताना दगड मारायला हात उचलत नाही. दोन मुक्काम होतात न होतात तोच ते कोणाच्या तरी पडशीत जाऊन झोपते. पांडुरंगाच्या भेटीला एकटा निघालेला मनुष्य घरी परततो तो दुकटा होऊन.

असे झाले की दिंडीत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘देवानेच पाठवले, राहू द्या.’ दुसरा म्हणतो, ‘अहो, प्रपंच विसरायला वारीला यायचं आणि नवा प्रपंच गळ्यात बांधून जायचं? जडभरताचं काय झालं ते कीर्तनात ऐकलंत ना?’ हा दुसरा पक्ष थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याला शास्त्राचा आधार आहे, आणि तो ऐकून कित्येक भोळ्या जीवांच्या मनात भय बसते. म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडू, मग शास्त्र काय म्हणते आणि संत कसे वागले ते पाहून निर्णय करू.

पूर्वपक्ष

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात ऋषभदेवांचे पुत्र भरत यांची कथा आहे. या राजाने राज्य मुलांना वाटून दिले आणि गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात भगवंताची आराधना करीत राहिला. एके दिवशी तो नदीकाठी जप करीत असता एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. तोच सिंहाची गर्जना झाली. भयाने हरिणीने नदीवरून उडी घेतली, त्या धक्क्यात पाडस गर्भातून सुटून प्रवाहात पडले आणि ती पलीकडे जाऊन मेली. पाण्यात वाहत चाललेले ते पोरके पाडस भरताने उचलले आणि आश्रमात आणले.

पुढे काय झाले? पाडसाला चारा घालणे, त्याला लांडग्या-कोल्ह्यांपासून राखणे, खांद्यावर घेणे, कुरवाळणे यांत दिवस जाऊ लागले. स्नान, जप, पूजा एकेक करून सुटत गेली. थोड्याच दिवसांत सगळा नेम बुडाला. पाडस जरा दृष्टीआड झाले की कृपणाचे धन हरवावे तसा तो तळमळे. शेवटी मरणसमयी डोळ्यांपुढे हरीण होते, हरि नव्हता. आणि पुढचा जन्म हरिणाचा आला. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत सांगतात की अंतकाळी ज्याचे स्मरण होते त्या भावाला जीव जाऊन मिळतो. तो सिद्धांत या कथेत जिवंत झाला आहे.

पूर्वपक्षी म्हणतो, राज्य सोडणारा एवढा विरक्त राजा जर एका पाडसाने बुडाला, तर तुमच्या-आमच्यासारख्यांनी कुत्र्याच्या पिल्लाला हात तरी लावावा काय?

भागवत दोष कोणाला देते?

आता ही कथा पुन्हा सावकाश वाचा. पाडसाला पाण्यातून काढले तेथे भागवतकार भरताला दोष देत नाहीत. शरण आलेल्याची उपेक्षा करणे हा दोष होय, असेच भरताच्या मनात आले, आणि ते योग्यच होते. बुडत्या जीवाकडे पाहत जप पुरा केला असता तर तो जप कोणत्या देवाला पोचला असता? दोष नंतर शिरला. तो शिरला नेम सुटला तेथे, आणि ‘हे माझे’ ही गाठ बसली तेथे. त्या अरण्यात दुसरीही हरणे होती. त्यांची काळजी भरताला वाटली नाही. एकाच हरिणाची वाटली, कारण ते त्याचे होते.

कथा एथेच संपत नाही. पुष्कळ लोक एथवर ऐकतात आणि उठून जातात! हरिणाच्या जन्मातही भरताला पूर्वस्मृती होती. तो देह सुटल्यावर तो ब्राह्मणकुळात जन्मला आणि पुन्हा कशात गुंतू नये म्हणून वेड्यासारखा, जडासारखा राहू लागला. हाच जडभरत. पुढे सिंधु-सौवीर देशाचा राजा रहूगण पालखीतून चालला असता भोयांना एक माणूस कमी पडला. त्यांनी या धट्ट्याकट्ट्या वेड्याला धरले आणि पालखीला जुंपले. पालखी हिंदकळू लागली. राजा रागावला. हिंदकळण्याचे कारण काय? जडभरत बाणाच्या लांबीएवढी पुढची जमीन पाहून मग पाऊल टाकीत होता. टीकाकार सांगतात, पायाखाली मुंगी-किडा चिरडू नये म्हणून. इतर भोयांशी त्याचे पाऊल जुळेना.

पाहा बरं, वाचकहो! हरिणाच्या पायी एक जन्म गमावलेला हा पुरुष. तो काय शिकला? जीवांकडे पाहूच नये असे शिकला काय? उलट आता त्याची नजर प्रत्येक मुंगीवर आहे. पहिल्या जन्मी एका पाडसापुरती होती ती करुणा तिसऱ्या जन्मी वाटेवरच्या सगळ्या जीवांना पुरली. मोह गेला आणि दया वाढली. जडभरताचे नाव घेऊन पिल्लाला लाथ मारणाऱ्याने पालखीचा हा प्रसंग वाचलेला नसतो.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना ज्ञानी पुरुषाच्या चालण्याचेच किती हळुवार वर्णन केले आहे! पिल्लाची आई पिल्लाला तोंडात धरते तेव्हा दात लागतात पण रुतत नाहीत. तसे त्याचे पाऊल जमिनीला लागते. आपणही पालखीबरोबर चालणारेच आहोत. चालावे कसे हे जडभरताने आणि माउलींनी सांगून ठेवले आहे.

धर्मराजाचा निर्णय

महाभारताच्या दोन्ही टोकांना एकेक कुत्रा आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आदिपर्वातील पौष्यपर्वात जनमेजय कुरुक्षेत्री सत्र करीत आहे. तेथे देवशुनी सरमेचा मुलगा येतो. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. सरमा भर यज्ञात येऊन विचारते, माझ्या निरपराध लेकराला का मारले? राजकुळापाशी उत्तर नसते. ती शाप देते की तुम्हांवर अकल्पित भय येईल. एवढा मोठा राजा, पण त्या शापाने घाबरला आणि शांती करील असा पुरोहित शोधू लागला.

दुसरे टोक महाप्रास्थानिक पर्वात. पाच पांडव आणि द्रौपदी हस्तिनापुराहून निघतात आणि सातवा एक कुत्रा मागे चालू लागतो. त्याला कोणी बोलावले नव्हते, पाळले नव्हते. वाटेत द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम या क्रमाने सगळी पडतात. उरतात धर्मराज आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. धर्मराज नाकारतो. इंद्र परोपरीने समजावतो. कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही म्हणतो. भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग कुत्र्याचे काय, असेही विचारतो. धर्मराज उत्तर देतो की ती मेलेली होती, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही. जो भक्तीने मागे आला त्याला सोडणे हे शरणागताला टाकणे, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचे धन हरणे आणि मित्रद्रोह या चार पापांच्या बरोबरीचे आहे. तेव्हा त्या कुत्र्याचे रूप टाकून साक्षात धर्म प्रकटतो.

आता भरत आणि धर्मराज समोरासमोर उभे करा. दोघेही सर्वस्व सोडून निघालेले. दोघांनाही वाटेत एक मुके जनावर भेटले. एक अडकला, एक पोचला. अंतर कशाने पडले? धर्मराज वाट चालत राहिला. कुत्र्यासाठी तो कोठे थांबला नाही, की त्याला घेऊन परत फिरला नाही. भरताचे चालणेच थांबले. एवढाच भेद आहे. पण तो सगळा भेद आहे.

संतांचा आचार

शास्त्र झाले, आता संतांच्या घरी जाऊ. नामदेवरायांची (१२७०–१३५०) कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली, आणि कोरडी पोळी कशी खाशील म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कथेतली खूण अशी की तो कुत्रा नामदेवांचा नव्हता. वाटेवरचा होता, चोर होता! तरी त्यांना तेथे पांडुरंगच दिसला. पैठणच्या एकनाथमहाराजांनी रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. त्यांनी ते गाढव घरी आणून बांधल्याचे कोणी सांगत नाही. तहान भागवली आणि पुढे निघाले. जेथे जेवढे लागते तेवढे करणे, ही नाथांची रीत.

गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्या ठिकाणी पंडित समदृष्टी असतात असे म्हटले आहे. आपल्या वारीत तर जनावराला मानच आहे. माउलींच्या रथाला बैल, रिंगणात अंकलीहून येणारे अश्व, आणि त्या अश्वाच्या टापेखालची माती कपाळी लावायला झुंबड! सासवड सोडून पालखी जेजुरीला येते तेथे खंडेरायाच्या पायाशी कुत्रा आहे, आणि देवाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो. घोड्याच्या पायाची धूळ माथी लावायची आणि पायाशी आलेल्या पिल्लाला झिडकारायचे, हे जुळेल कसे?

एक घडलेले उदाहरण

२०१९ च्या वारीतली गोष्ट. नीरास्नान होऊन पालखी लोणंदकडे निघाली होती. रस्त्याच्या कडेला एक कुत्री गाडीखाली सापडून मेलेली, आणि तिच्या अंगाशी दीडएक महिन्याचे तांबूस पिल्लू. आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक माळकरी बाई होत्या. पोटी मूल नाही, नवरा मागेच गेलेला. त्यांनी पिल्लू उचलले आणि पदराखाली घेतले. पंढरपूर येईपर्यंत ते त्यांच्या पिशवीत होते. नातेपुत्याच्या मुक्कामी त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘महाराज, माळ हातात घेतली की ह्याचंच कुईकुई कानात येतंय. मरताना बी तेच आलं तर पुढल्या जन्मी कुत्र्याच्या पोटी जाईन का हो मी? टाकून देऊ का ह्याला?’

मी विचारले, ‘माउली, हरिपाठ चुकला का?’

‘नाही. दोन्ही वेळा होतो.’

‘काकड्याला उठता?’

‘उठते की. तेच उठवतंय!’

मी म्हटले, ‘मग टाकू नका. त्याला देवाचं म्हणून सांभाळा. नेम राखा. आणि याच्यासाठी केलेल्या भाकरीतली चतकोर रोज दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याला घाला.’

पुढे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही; माउलींच्या पादुका एस.टी. बसने पंढरीला गेल्या. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या बाई आल्या. पिशवीत कुत्रा नव्हता. मी विचारले, तर म्हणाल्या, ‘पुतण्याकडं ठिवलाय. वेशीपातूर आला होता मागं. म्हटलं, बाबा, तू घर राख, मी विठोबाला तुझा नमस्कार सांगते. लई रडला. मी बी रडले. पण पाय नाही थांबवला.’ गल्लीतल्या चार-पाच कुत्र्यांना त्यांची चतकोर रोज ठरलेली आहे, आणि त्या येईपर्यंत ती घालायचे काम त्यांनी पुतण्याला लावून दिले होते.

सज्जनहो, त्यांच्या शंकेचे उत्तर मी द्यायचे उरलेच नाही. डोळ्यांत पाणी आले म्हणजे मोह झाला असे नव्हे. पाय थांबला असता तर मोह.

निर्णय : तीन खुणा

एवढ्यावरून तीन खुणा निघतात. त्या प्रत्येकाने आपल्यापुरत्या ताडून पाहाव्यात.

पहिली खूण नेमाची. जीव घरात आल्यावर हरिपाठ, एकादशी, वारी यांतले काही सुटू लागले काय? सुटू लागले तर भरताची वाट धरली असे समजावे. उपाय जीवाला टाकणे हा नव्हे. सुटलेला नेम परत धरणे हा आहे.

दुसरी खूण ‘माझे’ या शब्दाची. आपल्या कुत्र्याला दूध आणि दारी आलेल्या दुसऱ्याला काठी, असे होत असेल तर ती दया नव्हे. दया एका जीवापासून सुरू होते, पण तेवढ्यावर थांबत नाही.

तिसरी खूण शेवट निभावण्याची. मोहाचा एक धाकटा भाऊ आहे, त्याचे नाव हौस. हौस पिल्लू उचलते, दोन दिवस खेळवते, आणि पंढरपूर आले की चंद्रभागेच्या वाळवंटात सोडून देते. नीरेकाठी जन्मलेले पिल्लू लाखोंच्या गर्दीत, परक्या कुत्र्यांच्या टोळीत एकटे पडते. मोहाने माणूस स्वतः बुडतो. हौसेने जीव बुडतो. धर्मराजाने ज्याला पाप म्हटले ते हेच. म्हणून ज्याला घरी न्यायचे नाही त्याने उचलूच नये. नाथांप्रमाणे पाणी पाजावे, खाऊ घालावे, आणि हात जोडून पुढे निघावे. त्यात कमीपणा नाही.

दिंडीत पाळावयाची रीत

आता चार व्यवहाराच्या गोष्टी, कारण दया आंधळी असून चालत नाही.

पिल्लू दिसले की आधी त्याची आई पाहावी. ती बहुधा जवळच असते, अन्न शोधायला गेलेली असते. आई असेल तर पिल्लू हलवू नये. निदान सहा ते आठ आठवडे त्याला आईचे दूध लागते. तान्ह्याला आईपासून तोडणे ही चोरी आहे, मग मनात कितीही माया असो.

उन्हा-पावसात पिल्ले आडोशाला म्हणून ट्रक आणि टँकरखाली झोपतात. मुक्काम हलवताना चालकाने एकदा वाकून चाकांजवळ पाहावे. या एका वाकण्याने कित्येक जीव वाचतील.

आमटी, लोणचे, तिखट-मीठ घालू नये, आणि कांदा तर कुत्र्याला विषासारखा आहे. साधी भाकरी पाण्यात भिजवून किंवा भातात थोडे दही कालवून द्यावे. वाटेत एकादशी आली तर आपल्यापुरती पाळावी. कुत्र्याला एकादशी नाही! त्याच्यापुरती भाकरी आदल्या दिवशी बाजूला ठेवावी. उपवास घडवून त्याला पुण्य लावायला आपण कोण?

ओळख नसलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुलांनी हात लावू नये. दात किंवा नख लागलेच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची भरत बसू नये, आणि ‘माउली बघून घेईल’ म्हणून घरी राहू नये. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची लक्षणे एकदा दिसली की मनुष्य सहसा वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. ती लस काढण्याची बुद्धीही देवानेच दिली आहे. पिल्लू घरी नेलेच तर तीन महिन्यांच्या सुमारास पशुवैद्याकडून त्यालाही लस टोचून घ्यावी व पुढे वेळच्या वेळी टोचीत राहावे. हा खर्च ज्याला झेपणार नाही त्याने उचलण्यापूर्वी विचार करावा.

वाचकहो, पसायदानात माउलींनी विश्वात्मक देवापाशी जे मागितले त्यात भूतांची परस्परांशी मैत्री व्हावी हेही एक मागणे आहे. भूतमात्रांत कोण कोण आले याची यादी माउलींनी दिली नाही, म्हणजे कोणाला वगळलेही नाही. वाटेवर जो जीव आपण होऊन पायाशी येतो तो त्या मागण्याची परीक्षा घ्यायला येतो. त्याला पोटाशी धरा किंवा पाणी पाजून निरोप द्या, ज्याचे त्याने आपले बळ पाहून ठरवावे. तोंडी नाम असू द्या, पाय पंढरीच्या वाटेला असू द्या, आणि पुढची हातभर जमीन पाहून पाऊल टाका.

रामकृष्णहरि.